पॅसिव्ह व्हॉइस : आधी 'बाय' बाजूला ठेवा



'चेंज द व्हॉइस' हा प्रश्न आला की आपली मुलं तो यंत्रासारखा सोडवतात. 'राम ईट्स अ मँगो'चं 'अ मँगो इज ईटन बाय राम'. कर्म पुढे, कर्ता मागे, मध्ये 'बाय'. झाले मार्क!

गेल्या वर्षी या प्रश्नात पैकीच्या पैकी मार्क मिळवणारा माझ्या वर्गातला एक मुलगा चालत शाळेत आला. त्याची सायकल चोरीला गेली होती. म्हटलं, "इंग्रजीत सांग बरं." खूप अडखळून तो म्हणाला, "सर, माय सायकल स्टोल." म्हणजे चोरी सायकलनेच केली! 'माय सायकल वॉज स्टोलन' हे साधं वाक्य त्याला सुचलं नाही. चोर कोण ते माहीत नाही, मग 'बाय'पुढे लिहायचं काय?

चूक त्याची नाही, आपल्या शिकवण्याची आहे. आंब्याचं ते वाक्य रोजच्या बोलण्यात कुणी म्हणत नाही. रोजच्या इंग्रजीतल्या बहुतेक पॅसिव्ह वाक्यांत 'बाय' नसतोच. बऱ्याचदा कर्ता सांगायचा नसतो, म्हणूनच पॅसिव्ह वापरतात.

कर्ता का गाळतात?

१) माहीत नसतो : माय सायकल वॉज स्टोलन. गप्पांमध्ये 'माय सायकल गॉट स्टोलन' असंही म्हणतात. औपचारिक लेखनात मात्र 'वॉज' बरा.

२) सांगायची गरज नसते : द थीफ वॉज अरेस्टेड. पोलिसांनीच पकडला, वेगळं काय सांगायचं? 'आय वॉज बॉर्न इन सातारा' हेही असंच. मुलं इथे 'आय बॉर्न' किंवा 'आय ॲम बॉर्न' म्हणतात, तेवढं सुधारा.

३) कामच महत्त्वाचं असतं : बँकेचा मेसेज येतो, 'युअर अकाउंट हॅज बीन डेबिटेड'. 'मेड इन इंडिया', 'सोल्ड आउट' ही तर पॅसिव्हचीच आखूड रूपं.

४) लपवायचा असतो : इराणला गुपचूप शस्त्रं विकल्याचं प्रकरण अंगाशी आलं, तेव्हा १९८७ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रेगन संसदेपुढे म्हणाले, 'सिरियस मिस्टेक्स वेअर मेड'. चुका झाल्या! कुणी केल्या, ते वाक्यात नाही. आपल्या घरातही 'कप फुटला' असंच ऐकू येतं ना?

मग 'बाय' कधी? कर्ता हीच खरी माहिती असेल तेव्हा : 'जन गण मन' वॉज रिटन बाय टागोर.

दोन ठिकाणी सांभाळा

पहिलं, 'पॅसिव्ह म्हणजे आपला कर्मणी प्रयोग' असं सरसकट सांगू नका. 'त्याने आंबा खाल्ला', 'त्याने पोळी खाल्ली' यात क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं, म्हणून मराठीत हा कर्मणी. पण इंग्रजीत ते 'ही एट अ मँगो', म्हणजे चक्क ॲक्टिव्ह! पॅसिव्हच्या जवळ जातं ते 'चोर पकडला गेला' हे रूप, ज्याला आपण नवीन कर्मणी म्हणतो. सरकारी पत्रातलं 'कळविण्यात येते'सुद्धा त्याच वळणाचं.

दुसरं, 'ॲन ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड' हे वाक्य चूक आहे. 'हॅपन', 'डाय', 'अराइव्ह' ही क्रियापदं अकर्मक आहेत. कर्मच नाही, तर पुढे आणणार काय? इथे 'ॲन ॲक्सिडेंट हॅपन्ड' एवढंच पुरे.

करून बघा

व्हॉइस बदलण्याची वीस वाक्यं देण्याऐवजी मुलांना घरातलीच पाच इंग्रजी पॅसिव्ह वाक्यं शोधून आणायला सांगा. औषधाची बाटली, बिस्किटाचा पुडा, फोनवरचे मेसेज, इंग्रजी पेपरचे मथळे, कुठेही सापडतील. प्रत्येक वाक्यापुढे एकच प्रश्न लिहायचा : कर्ता कुठे गेला? माहीत नाही, गरज नाही, की लपवलाय?

मी हे वर्गात केलं. सायकलवाला मुलगा पेपरातलं एक वाक्य घेऊन आला : 'द रोड वॉज नॉट रिपेअर्ड'. आणि म्हणाला, "सर, यात 'बाय' लिहायला हवा होता!"

त्या दिवशी त्याला पॅसिव्ह व्हॉइस खरा समजला.