आईच्या नोंदीत मुलगा, मुलाच्या नोंदीत आई: डेटा पाठवताना सॉफ्टवेअर गोल-गोल का फिरतं?

समजा, एका ॲपमध्ये कुटुंबाची माहिती भरली आहे. सुनंदाच्या नोंदीत ‘मुलगा: राहुल’ आणि राहुलच्या नोंदीत ‘आई: सुनंदा’. यात वावगं काहीच नाही. पण हीच माहिती दुसऱ्या कॉम्प्युटरला पाठवायची वेळ आली की सॉफ्टवेअर अडकतं. सुनंदाची माहिती लिहायची तर राहुलची लिहावी लागते आणि राहुलची लिहायची तर पुन्हा सुनंदाची. मग हे संपणार कधी?

या गुंत्याला ‘सर्क्युलर रेफरन्स’ म्हणतात. सोशल मीडियावर दोघं एकमेकांना फॉलो करतात, तिथेही हेच वर्तुळ तयार होतं.

मुळात अडचण कुठे आहे?

चालू प्रोग्राममध्ये सुनंदाच्या नोंदीत राहुलची अख्खी माहिती नसते, ती कुठे ठेवली आहे याचा फक्त पत्ता असतो. पण तो पत्ता त्या प्रोग्रामबाहेर निरुपयोगी. म्हणून माहिती सेव्ह करताना किंवा पाठवताना ती सलग मजकुरात मांडावी लागते. याला ‘सीरियलायझेशन’ म्हणतात. मजकूर वाचून माहिती पुन्हा उभी करणं म्हणजे ‘पार्सिंग’.

यासाठी सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या पद्धतींपैकी एक म्हणजे ‘जेसन’. डग्लस क्रॉकफर्ड यांनी ती २००० च्या दशकाच्या सुरुवातीला लोकांसमोर आणली. तिची रचना झाडासारखी आहे. खोडाला फांदी, फांदीला पान. फांदी फिरून खोडात शिरत नाही. ‘ही तीच वर आलेली सुनंदा’ असं सांगायची सोयच जेसनमध्ये नाही.

मग होतं काय?

जावास्क्रिप्ट आणि पायथन या भाषांमधली जेसनची सोय असं वर्तुळ ओळखते आणि एरर देऊन थांबते. जिथे अशी तपासणी नसते, तिथे प्रोग्राम त्याच दोन नोंदी पुन्हा पुन्हा लिहीत राहतो आणि शेवटी मेमरी संपून बंद पडतो.

उपाय काय?

पहिला उपाय सोपा आहे. परतीचा दुवा लिहायचाच नाही. आईच्या नोंदीत मुलगा लिहायचा, मुलाच्या नोंदीतून आई गाळायची आणि वाचताना ती जोडून घ्यायची.

दुसरा उपाय, प्रत्येक नोंदीला क्रमांक द्यायचा. सुनंदा १, राहुल २. राहुलची आई लिहिताना फक्त ‘क्रमांक १ पाहा’ एवढंच लिहायचं. २०२० मध्ये आलेल्या डॉटनेट ५ मध्ये जेसनसाठी अशी सोय मिळाली. पायथनचं ‘पिकल’ आतून असंच काम करतं. मात्र अनोळखी ठिकाणाहून आलेली पिकल फाइल उघडू नये, कारण ती उघडताच त्यात दडवलेला कोड चालू शकतो.

वाचणाऱ्या प्रोग्रामलाही हा संकेत माहीत असावा लागतो. नाहीतर ‘क्रमांक १ पाहा’ हा त्याच्यासाठी साधा मजकूरच. शिवाय जिचा क्रमांक दिलाय ती नोंद मजकुरात पुढे येणार असेल, तर आधी सगळ्या नोंदी तयार करून मगच दुवे जोडावे लागतात.

खरा धोका एररचा नाही

एरर आली की अनेकदा घाईत एक जुगाड केला जातो: एकदा दिसलेली गोष्ट पुन्हा दिसली की गाळून टाकायची. एरर जाते. पण राहुल आणि त्याची बहीण एकाच पत्त्यावर राहतात, आणि ॲपने तो पत्ता एकदाच साठवून दोघांच्या नोंदींना जोडलाय. इथे वर्तुळ नाही, तरीही बहिणीचा पत्ता ‘आधीच दिसलाय’ म्हणून गायब होतो. कुठलीही सूचना येत नाही. तिचं पार्सल अडकतं तेव्हाच ते कळतं.

त्यामुळे ‘ही गोष्ट आधी दिसली का?’ हा प्रश्न चुकीचा आहे. ‘आपण सध्या हिच्याच आत आहोत का?’ हा प्रश्न बरोबर. राहुलची नोंद लिहिताना आपण सुनंदाच्या आत असतो, म्हणून तिथे थांबायचं. बहिणीचा पत्ता लिहिताना मात्र राहुलची नोंद पूर्ण झालेली असते, म्हणून तो पुन्हा लिहायचा.

अर्थात, तो दोनदा लिहिला की वाचल्यावर त्याच्या दोन स्वतंत्र प्रती होतात. कुटुंबाने घर बदललं आणि एकच प्रत सुधारली, तर दुसरी जुनीच राहते. तेही टाळायचं असेल, तर क्रमांकाची पद्धतच कामी येते.