कुत्र्याला कळतं, पण सगळंच नाही!

‘मुक्या जनावराला बरोबर कळतं, काय खायचं नि काय नाही,’ असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. कुत्रं हरळी खाताना दिसलं की घरातली मोठी माणसं सांगतात, ‘पोट बिघडलंय, औषध घेतंय ते.’ मैत्रिणींनो, हे पूर्ण खरं नाही. आणि या भरवशावर राहिलं तर कधी कधी त्या बिचाऱ्याच्या जिवावर बेततं.

आधी हरळीचं बघू. कॅलिफोर्नियातल्या पशुवैद्यांनी १,५०० हून जास्त कुत्र्यांच्या मालकांना विचारून २००८ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. गवत खाण्याआधी आजारी वाटणारी कुत्री शंभरात जेमतेम आठ-नऊ निघाली. खाल्ल्यावर ओकणारी साधारण बावीस. म्हणजे बहुतेक कुत्री गवत औषध म्हणून नाही, सवयीनं खातात. औषध न फवारलेली हरळी, तुळशीचं पान, गुलाबाची किंवा जास्वंदीची पाकळी पोटात गेली तर घाबरायचं कारण नाही.

भीती आहे ती शोभेच्या झाडांची. आपल्या सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीसारख्या ठिकाणी, टॉवेल-चादरींच्या कारखान्यांच्या आवारात वॉचमनच्या सोबतीला एखादं कुत्रं असतंच. कुंपणाला झाड निवडताना आपला हिशेब सरळ असतो: पाणी कमी लागावं, उन्हाळा सोसावा, बारमाही फुलं यावीत आणि शेळ्यांनी तोंड लावू नये. या परीक्षेत कण्हेर पहिल्या नंबरानं पास होते. पण शेळ्या तिला का टाळतात, याचा विचार आपण करत नाही. ती कडू आणि विषारी आहे म्हणून! दात शिवशिवणारं पिल्लू मात्र चप्पल चावतं तशी फांदीही चावतं.

कण्हेरीचं पान, फूल, साल, चीक सगळंच विषारी. वाळलेलं पानसुद्धा. तिचं विष थेट हृदयाच्या ठोक्यांवर जातं. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, आणि हल्ली कुंडीत हौसेनं लावतात ते अडेनियम, ही तिचीच भावंडं. २०२४ मध्ये केरळात एका तरुण परिचारिकेचा मृत्यू कण्हेरीची पानं चावल्यानं झाल्याचा संशय व्यक्त झाला. त्यानंतर मे महिन्यात त्रावणकोर देवस्वम बोर्डानं आपल्या मंदिरांत नैवेद्य-प्रसादात ही फुलं वापरणं बंद केलं. माणसाची ही कथा, तर पाच किलोच्या पिल्लाचं काय?

आणखी काही ओळखून ठेवा.

सायकस: पिसासारखी टोकदार पानं असलेलं, दिसायला ताडासारखं झाड. बिया सर्वात घातक. आधी उलट्या होतात, मग बरं वाटल्यासारखं होतं आणि दोन-तीन दिवसांत यकृत निकामी होऊ शकतं.

एरंड: बी चावून फुटली की विष सुटतं. गुलाबाला घातलेली एरंडीची पेंडही कुत्री वासानं उकरून खातात. ती घालूच नका.

धोतरा आणि रुई: परसात आपोआप उगवतात. दोन्ही विषारी.

डिफेनबेकिया, मनीप्लांट: तोंडाची आग, सूज, लाळ. जिवावर सहसा बेतत नाही, पण हाल होतात.

आणि हो, ज्या घरात विड्या वळतात तिथे तंबाखूचा भुगा खाली राहू देऊ नका. तोही कुत्र्याला विषच.

खरी अडचण नावाची असते. नर्सरीतून ‘शो’चं म्हणून आणलेल्या झाडाचं नाव कोण विचारतं? त्यात आपलं सोलापूर तीन भाषांचं. मराठी शेजारीण म्हणते कण्हेर, कानडी म्हणते कणगिले, तेलुगू म्हणते गन्नेरु. नावं तीन, विष एकच! म्हणून पानाफुलासकट फांदी किंवा मोबाईलमधला फोटो नर्सरीवाल्याला, नाहीतर कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या सरांना-मॅडमना दाखवा. नाव कळेपर्यंत झाड विषारीच समजा आणि कुंडी उंचावर ठेवा.

तरीही खाल्लंच तर? स्वतःचा हात सांभाळून तोंडातला पाला काढा, तोंड पाण्यानं धुवा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, जास्त मीठ स्वतःच विष ठरतं. दूध, तेल, तूप असले उपायही नकोत. त्या झाडाची फांदी पिशवीत घाला, किती वाजता आणि साधारण किती खाल्लं ते लक्षात ठेवा आणि पशुवैद्यांकडे निघा. कण्हेर, सायकस, एरंड यांच्या बाबतीत ‘बघू सकाळी’ म्हणू नका. जनावरांच्या उपचारासाठी १९६२ हा टोल फ्री नंबर आहे, तो भिंतीवर लिहून ठेवा.

म्हणून देवाला वाहायची कण्हेर मुळासकट उपटायची का? नाही हो. ती कुंपणाबाहेर असू द्या, कुत्रं तिच्यापाशी बांधू नका आणि छाटलेल्या फांद्या अंगणात पडू देऊ नका. मुक्या जिवाला सगळं कळत नाही. ते कळून घेणं आपल्याकडेच आहे.