वजनासाठी धरलेला रोजा

रमजानच्या पहिल्या आठवड्यात आंजर्ल्याला माहेरी गेले होते. असरची नमाज झाली, उन्हं जोग नदीच्या खाडीवर कलली आणि शेजारच्या घरातली सून बाळाला खांद्यावर टाकून ओटीवर येऊन बसली. वय एकोणीस. माझ्या वर्गात याच वयाच्या मुली बसतात. बाळ तीन महिन्यांचं, अंगावरच पिणारं. हिचे ओठ सुकलेले.

"रोजा आहे?" तिने मान हलवली. "दूध पुरतं का बाळाला?"

"नाही पुरत, फुफू. पण वजन दहा किलो वाढलंय. रोजे धरले की उतरेल. ते व्हिडिओ कॉलवर हसतात."

ते म्हणजे नवरा, कुवेतला असतो. सहरीला ही चहा-बिस्किटं खाते, इफ्तारला दोन खजूर आणि सरबत. सासूला वाटतं, सून मोठी दीनदार आहे!

मुसलमानेतर वाचकांसाठी सांगते. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबेपर्यंत बाईला रोजा नसतोच. पुढेही दूध पाजणाऱ्या आईला स्वतःच्या किंवा बाळाच्या तब्येतीची भीती असेल तर रोजा सोडायची मुभा आहे. प्रवासी, गरोदर आणि अंगावर पाजणारी, या तिघांनाही ही सवलत असल्याचं हदीसमध्ये आलं आहे. सोडलेले रोजे नंतर सवडीने भरून काढायचे, त्याला कजा म्हणतात. कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई मताचे. त्यांच्यात केवळ बाळाच्या काळजीने रोजे सोडले तर कजासोबत फिद्या, म्हणजे प्रत्येक रोजामागे गरिबाला धान्य, द्यावं लागतं. इतका बारकाईने विचार झालेला असताना आपल्या घरांत मात्र "सोडलास तर लोक काय म्हणतील" एवढंच चालतं. आणि कंबर बारीक करायला धरलेला रोजा तर इबादत कुठली?

आता शरीराचं. एकोणिसाव्या वर्षी मुलीची हाडं अजून भरत असतात. त्यात अंगावर पाजायचं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हिशेबाने पहिले सहा महिने पाजणाऱ्या आईला रोजच्यापेक्षा सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या शंभरातल्या सात-आठ मुली आई झालेल्या किंवा गरोदर होत्या, आणि निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी होतं. म्हणजे वजनकाटा जास्त दाखवत असला तरी आतून मुलगी रिकामी असू शकते. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या कॅम्डेन गावी कोवळ्या वयाच्या गरोदर मुलींचा अभ्यास झाला होता. ज्यांची स्वतःची वाढ चालू होती त्यांच्या अंगावर चरबी जास्त राहिली, पण बाळं मात्र वजनाने कमी भरली. वाढतं शरीर आपला साठा सोडायला तयार नसतं. तो मुलीचा आळस नव्हे.

दोष आपल्या सव्वा महिन्याचाही आहे. हिंदू घर असो की मुसलमान, बाळंतिणीला डिंकाचे लाडू, तूप, अळिवाची खीर आणि शेक-शेगडी. वर "उठू नको, पाणी जास्त पिऊ नको." भाजी, फळं बंद. लाडू वाईट नाही, पण पडून राहून रोज चार लाडू खाल्ले की वजन बसतं. मग सव्वा महिना संपला की तीच माणसं म्हणतात, "किती सुटलीस गं!"

वजन उतरतं, पण सावकाश. महिन्याला अर्धा-एक किलो, एवढं पुष्कळ झालं. वेळेवर जेवण, त्यात नाचणीची भाकरी, डाळ, पालेभाजी, अंडं. हर्णैच्या बाजारातला बांगडा, तारली स्वस्त आणि उत्तम. इफ्तारच्या ताटातली भजी-समोसे आणि साखरेचं सरबत मात्र बेताने. डॉक्टरने होकार दिला की रोज चालणं. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायच्या असतात, त्या बहुतेक घरांत कपाटात पडून असतात. अंगणवाडीचा आहारही बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत आईच्या नावाने मिळतो. तो आईनेच खावा, घरभर वाटू नये. पुढचं मूल निदान दोन वर्षं लांबवलं तरच हे सगळं भरून निघतं.

कुरआनच्या सूरह बकराच्या २३३व्या आयतीत दोन वर्षं पाजण्याचा उल्लेख सगळ्यांना पाठ असतो. त्याच आयतीत पाजणाऱ्या आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर टाकली आहे. मी हे सासूला सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली. मग सुनेला म्हणाली, "मला वाटलं अल्लाहसाठी धरतेस. उद्यापासून नको."

दुसऱ्या दिवशी दुपारी वरच्या आळीतल्या जोशीणकाकू बाळाला बघायला आल्या, तेव्हा सून आतल्या खोलीत भात-आमटी जेवत होती. रात्री तरावीहनंतर कुवेतचा फोन आला. सासूने तो सुनेच्या हातातून घेतला आणि लेकाला म्हणाली, "वजनाचं काय विचारतोस? मासळीला पैसे पाठव."