पहिली बंदूक



आमच्या कर्जत-खालापूरकडे बंदूक म्हटली की जुन्या माणसांच्या डोळ्यांपुढे ठासणीची बंदूक उभी राहते. रानडुकरांपासून भाताचे पीक राखावे, एवढेच तिचे काम. हल्ली मात्र मजकडे येणारे पालक निराळाच प्रश्न घेऊन येतात. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये रायफल नेमबाजीचे कांस्यपदक मिळविले, तेव्हापासून मुलांच्या मनात या खेळाने घर केले आहे. "गुरुजी, बेताच्या खर्चात पहिली बंदूक कोणती घ्यावी?" असे ते विचारतात.

माझे उत्तर असे की, पहिली बंदूक हवेची असावी. आणि तीही प्रथम विकत घेऊ नये.

याचे एक कारण कायद्यात आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वये दारूच्या बंदुकीस परवाना लागतो आणि वयाची एकवीस वर्षे पूर्ण झाल्यावाचून तो मिळत नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या नळीच्या आणि वीस ज्यूलपर्यंत जोर असलेल्या हवेच्या बंदुकीला मात्र परवान्याची अट नाही. ओळखपत्र दाखवून ती घेता येते. परवाना नाही म्हणून ती खेळणे ठरते, असे मात्र कोणी समजू नये.

माझ्या शाळकरी वयात आमच्या आळीतील एका मुलाने दगडी जोत्यावर ठेवलेल्या डब्यावर गंमत म्हणून छरा झाडला. छरा दगडावरून उसळला आणि बाजूस उभ्या असलेल्या धाकट्या भावाच्या डोळ्यात शिरला. तो डोळा कायमचा गेला. नेमात चूक नव्हती. चूक होती ती नेमामागे काय आहे हे न पाहण्याची.

म्हणून पहिला खर्च शिक्षणावर करावा. आपल्या शेजारच्या पनवेलला सुमा शिरूर यांनी २००६ साली लक्ष्य शूटिंग क्लब स्थापन केला. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये दहा मीटर एअर रायफलची अंतिम फेरी गाठलेल्या या नेमबाज. अशा एखाद्या क्लबात जाऊन तेथील बंदुकीवर दोन-तीन महिने हात बसवावा. या खेळात दहा मीटरवरील लक्ष्याचा मधला ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. तेथे पैशापेक्षा श्वास, उभे राहणे आणि चापावरील बोट यांचीच परीक्षा होते. मुलाचा उत्साह तेवढ्यात ओसरला, तर पालकांचे हजारो रुपये वाचले.

उत्साह टिकलाच, तर स्प्रिंगची एअर रायफल घ्यावी. नळी मोडून स्प्रिंग दाबावयाची ही बंदूक काही हजारांत मिळते. तिला हवेची टाकी वा पंप लागत नाही. तिच्यात एक खोड आहे. छरा नळीत असतानाच आतला दट्ट्या धावतो आणि बंदूक हिसका खाते. म्हणून दर वेळी पकड एकसारखी ठेवावी लागते. शिकाऊ माणसाला ही खोडच गुरू होते. आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या स्पर्धेच्या रायफलीला हिसका जवळजवळ नसतो, परंतु तिची किंमत लाखाच्या घरात जाते. ती मुलाचे गुण दिसल्यावर पाहावी.

दुकानात मुलाला बरोबर न्यावे. दस्ता कोपराच्या आतल्या बाजूस टेकविला असता तर्जनीचे पहिले पेर चापापर्यंत पोहोचले पाहिजे. जड बंदूक घेऊ नये. थकलेला हात नेम धरीत नाही. छरे चपट्या तोंडाचे घ्यावेत, म्हणजे कागदावर भोक स्वच्छ पडते. स्प्रिंगची बंदूक छऱ्यावाचून झाडू नये. दट्ट्या आपटून आतील भाग खराब होतात.

उरलेल्या पैशांतून डोळ्यांसाठी चष्मे, लक्ष्यामागे वाळूची पोती आणि कपाटाला कुलूप घ्यावे. छरे निराळ्या कुलुपात असावेत. आणि होले-पोपटांवर नेम धरू नये; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने तो गुन्हा आहे. पिकात शिरलेल्या रानडुकरासाठीही वनखात्याची परवानगी लागते.

पालकांनो, मुलाच्या हाती बंदूक देण्यापूर्वी एवढे एकच पाहा: ती रिकामी आहे असे सांगितले, तरी तो तिची नळी माणसाकडे वळवितो काय? वळवीत असेल, तर खरेदी पुढे ढकला.