लातूरचा सर्व्हर स्वतःलाच फोन लावतो तेव्हा

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ नांदेडला आहे आणि त्याचं उपकेंद्र लातूरला. समजा, दोन्हीकडे जावावर चालणारा एकेक वाइल्डफ्लाय सर्व्हर आहे आणि लातूरच्या परीक्षा अर्जांचे निरोप नांदेडच्या रांगेत, म्हणजे क्यूमध्ये, टाकायचे आहेत. पिंग लागतंय. ८०८० पोर्ट उघडं आहे. नांदेडला युजर आणि पासवर्ड तयार आहेत. तरी लातूरच्या लॉगमध्ये ओळ उमटते : हा युजर ओळखता येत नाही.

नांदेडच्या लॉगमध्ये मात्र या नकाराची नोंदच नाही! खरी गंमत इथे सुरू होते.

जेएमएस ही जावातली निरोपांची पद्धत १९९८ साली आली, आणि तिच्यात जोडणी दोन टप्प्यांत होते. लातूरचा प्रोग्रॅम आधी नांदेडला विचारतो, ‘तुमची कनेक्शन फॅक्टरी द्या.’ नांदेड ती देतं. तिच्या पोटात एक पत्ता असतो आणि निरोपांची जोडणी त्या पत्त्यावर नव्याने होते. हा पत्ता नांदेडच्या सर्व्हरने स्वतःच्या समजुतीप्रमाणे लिहिलेला असतो.

सर्व्हर सुरू करताना आपण पुष्कळदा ०.०.०.० देतो. म्हणजे, या यंत्राच्या सगळ्या जोडण्यांवर ऐकत राहा. ऐकायला हे ठीक, पण दुसऱ्याला द्यायचा पत्ता म्हणून निरुपयोगी. मग सर्व्हर त्याऐवजी यंत्राचं नाव लिहितो. नव्याने बसवलेल्या कितीतरी लिनक्स यंत्रांचं नाव लोकलहोस्टच असतं, आणि प्रत्येक यंत्र त्याचा अर्थ ‘मी स्वतः’ असा घेतं. ‘आपल्या घरी या’ एवढंच सांगितलं, तर पाहुणा स्वतःच्याच घरी जाणार. लातूरचा प्रोग्रॅम तेच करतो. तिथेही ८०८० वर वाइल्डफ्लाय उभा असतो. तो जोडणी स्वीकारतो आणि नांदेडचा युजर त्याच्या यादीत नसल्यामुळे नकार देतो. दोन्ही यंत्रं नियमाप्रमाणे वागली, आणि निरोप गावाबाहेर पडलाच नाही. इंटरनेटच्या जुन्या पत्तापद्धतीत १२७ ने सुरू होणारे १ कोटी ६७ लाखांहून जास्त पत्ते ‘मी स्वतः’ या एकाच अर्थासाठी राखून ठेवलेत, हे कळल्यावर मी थक्क झालो होतो.

दुसरी अडचण याच्या उलट : जोडणी मेली, पण कळलं नाही. वाटेत कुठे जेसीबीने केबल तोडली आणि कोणीच काही पाठवत नसलं, तर जोडणी सांभाळणाऱ्या टीसीपीला पत्ताही लागत नाही. लिनक्समध्ये जोडणी जिवंत आहे का याची तपासणी चालू केली, तरी पहिली विचारपूस मुळात ७२०० सेकंदांनी होते. पूर्ण दोन तास! वाइल्डफ्लायमधली आर्टेमिस ही निरोपयंत्रणा म्हणून स्वतःच अधूनमधून हाक मारते, आणि साधारणपणे ६० सेकंदांत समोरून काही आलं नाही, तर सर्व्हर जोडणी सोडून देतो.

पहिल्या अडचणीत मात्र फायरवॉलवाल्याला दोष देण्याआधी नांदेडच्या सर्व्हरचा सुरुवातीचा लॉग वाचा. ०.०.०.० चालत नाही, म्हणून अमुक नाव घेतोय, अशी सूचना तिथे आधीच लिहिलेली असते. ते नाव लातूरहून नांदेडकडेच नेतं का, हे तपासा. नसेल, तर सर्व्हर सुरू करताना त्याचा खरा आयपी द्या.