शस्त्रक्रिया की किरणोपचार?

प्रोस्टेटचा कर्करोग ग्रंथीच्या आवरणाबाहेर पसरला आहे, असे कळताच घरात पहिला उद्गार निघतो तो ‘काढून टाका एकदाचा!’ हा. ही अधीरता स्वाभाविक आहे. परंतु बहुतेक रुग्णांना विचार करण्यासाठी काही आठवड्यांचा अवकाश असतो. लघवी तुंबली किंवा पायांतील शक्ती अचानक गेली, तर मात्र विलंब न करता रुग्णालय गाठावे.

प्रथम रोग कोठवर पोहोचला आहे, हे तपासण्यांतून निश्चित करून घ्यावे. तो हाडांपर्यंत गेला असल्यास संप्रेरकरोधक व इतर औषधे हाच मुख्य उपचार ठरतो. तो ग्रंथीच्या आसपासच असेल, तर दोन्ही मार्ग खुले राहतात.

शस्त्रक्रियेत ग्रंथी, वीर्यकोश आणि जवळच्या लसीकाग्रंथी काढतात. त्यानंतर साधारण एक ते दोन आठवडे लघवीची नळी ठेवावी लागते. पुढे काही महिने, क्वचित कायमची, लघवी नकळत गळते. लैंगिक क्षमतेवरही परिणाम होतो. शिवाय या टप्प्यावरील अनेकांना नंतर किरणोपचार घ्यावेच लागतात. म्हणजे ‘एकदाचा’ हा शब्द येथे खरा ठरेलच असे नाही.

किरणोपचारात चिरफाड नसते. त्यामुळे हृदयविकार किंवा दमा असलेल्या वृद्धांना तो अधिक झेपतो. मात्र कित्येक आठवडे जवळजवळ रोज रुग्णालयात जावे लागते. लघवीची जळजळ, शौचातून रक्त असे त्रास संभवतात. जोडीला बहुधा दीड ते तीन वर्षे संप्रेरकरोधक औषधे असतात. त्यांनी अंगातून गरम वाफा येतात, थकवा जाणवतो, हाडे ठिसूळ होतात. तरीही ही जोडी मोलाची आहे. 875 रुग्णांवरील स्कॅन्डिनेव्हियातील अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. केवळ औषधे घेणाऱ्यांत दहा वर्षांत या कर्करोगाने शंभरांत सुमारे 24 जण दगावले. किरणोपचाराची जोड मिळालेल्यांत सुमारे 12.

दोहोंपैकी एकच मार्ग सर्वांसाठी श्रेष्ठ, असे सिद्ध झालेले नाही. म्हणून शल्यचिकित्सक आणि किरणोपचारतज्ज्ञ या दोघांनाही भेटावे. ‘माझ्या वयात, माझ्या इतर आजारांसह, वर्षभरानंतर माझा दिवस कसा असेल?’ हा प्रश्न दोघांनाही विचारावा.

शुश्रूषा करणाऱ्यांनो, उत्तर ऐकताना वडिलांच्या वतीने बोलू नका. गळती, अंथरूण, दांपत्यजीवन या गोष्टी ते मुलांसमोर सांगणार नाहीत. डॉक्टरांशी एकांतात बोलण्याची संधी त्यांना द्या. कोणता त्रास सोसायचा, हे ज्याला सोसायचे आहे त्यानेच ठरवावे.