ऐकू येते, पण कळत नाही

यंत्रमागाच्या खडखडाटात ज्यांची उमर गेली, अशा कामगारांच्या तोंडून आम्ही एक तक्रार वारंवार ऐकतो : “आवाज येतो, पण चारचौघांतले बोलणे उमगत नाही.” तपासणीचा कागद मात्र कधीकधी कान ठीक असल्याचा निर्वाळा देतो. मग हा मनुष्य सोंग करतो काय? आम्हांस तसे वाटत नाही. त्याचे कारण कानाची रचना पाहिली म्हणजे ध्यानात येईल.

आवाजाची लाट कानाच्या पडद्यावरून, तीन चिमुकल्या हाडांच्या साखळीने, आतल्या शंखाकृती नळीत पोचते. तेथे केसपेशी असतात. आतल्या रांगेत त्या सुमारे ३,५०० भरतात. लाटेने त्यांचे सूक्ष्म केस कलले, की पोटॅशियमचे विद्युत्भारित कण पेशीत शिरतात. मग तळाशी कॅल्शियमची दारे उघडतात आणि ग्लुटामेट या रसायनाने भरलेल्या पिशव्या बाहेर रित्या होतात. समोरच मज्जातंतूचे टोक असते. मधली फट मिलिमीटरच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाइतकी. रसायन ती ओलांडते, तंतूत विजेचा स्पंद उठतो आणि निरोप मेंदूकडे निघतो. मज्जापेशींच्या अशा सांध्यांना १८९७ साली शेरिंग्टन यांच्या लेखनातून ‘सायनॅप्स’ हे नाव मिळाले.

एका केसपेशीशी अनेक तंतू जोडलेले असतात; पण एका तंतूच्या वाट्याला बहुधा एकच सांधा येतो. तो तुटला की तंतू मुका झाला.

२००९ साली अमेरिकेत कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांना दोन तास १०० डेसिबेलचा आवाज ऐकविला. पुढे त्यांची ऐकण्याची किमान पातळी पूर्ववत झाली, केसपेशीही शाबूत राहिल्या. परंतु नळीच्या काही भागांत जवळजवळ निम्मे सांधे कायमचे गेले होते. शांत खोलीत हलका सूर ऐकावयास थोडे तंतू पुरतात. गोंगाटातून शब्द निवडावयास पुष्कळ लागतात. म्हणून नेहमीच्या तपासणीत हे नुकसान लपते. माणसांत गोंगाटाने नेमके किती सांधे जातात, याचा शोध चालू आहे. वाढत्या वयाबरोबर ते कमी होतात, हे मृतांच्या कानांच्या तपासणीत दिसले आहे.

तुटलेले सांधे पुन्हा जोडणारे सिद्ध औषध अद्याप नाही. तेव्हा यंत्राचा आवाज मुळात कमी करणे, गोंगाटातले तास वाटून घेणे आणि कानांना संरक्षण देणे, हेच उपाय उरतात. आणि कामगार “कळत नाही” म्हणतो, तेव्हा कागदाबरोबर त्याचेही ऐकून घ्यावे.